डीपीमॅन जळकोटला जातो

वाढदिवसाचा बॅनर करायला गेलात, तर दिगंबरबप्पा तुमचं नाव आधी विचारत नाहीत. "शुभेच्छुकांत भांडण कुणाकुणात हाय?" हा त्यांचा पहिला प्रश्न. मग जो रुसायचा संभव आहे त्याचा फोटो वरच्या ओळीत, आणि ज्या चुलतभावांचं जमत नाही त्यांचे एकाच मापाचे. "माप बघ, माप!" हे त्यांचं पालुपद. बॅनरवरून आमच्या वाशी गावात डोकी फुटायची वेळ आलेली आहे, त्यामुळं बप्पांना कुणी हसत नाही. मी हसतो. माझं झेरॉक्सचं दुकान त्यांच्या भिंतीला लागून आहे. दिवसभर त्यांची बडबड ऐकतो, तेवढा हक्क माझा.

गिऱ्हाईक नसलं की बप्पा सुपरहिरो काढत बसतात. साठी उलटलेला माणूस, बोला आता! त्यांचा हिरो डीपीमॅन. गावाची डीपी, म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, जळाली की हा तारांना नुसता हात लावतो आणि लाईट येते. उडताबिडता येत नाही. "उडायचं कशाला? एसटी हाय की," असं बप्पांचं म्हणणं. त्याला खोड एकच. मानानं बोलावल्याशिवाय तो हलत नाही. राक्षस वेशीत येऊन उभा राहिला तरी आधी कुणीतरी जाऊन याला शाल-नारळ द्यायचा, मग हा चपला शोधणार.

गोफणवाली ही हिरॉईन मात्र बप्पांची नाही. ती त्यांच्या लेकीनं, वैशालीनं काढलेली. शाळा सुटली की पोर दुकानात येऊन बसायची आणि बॅनरच्या उरलेल्या तुकड्यांमागं चित्रं काढायची. लुगडं खोचलेली, गोफण गरगर फिरवणारी, एका दगडात राक्षस लोळवणारी बाई. बापाचा हिरो बापाच्या गोष्टीत, लेकीची हिरॉईन लेकीच्या गोष्टीत, असं सुखानं चाललं होतं. मागच्या दिवाळीनंतर बप्पांनी एकदम जाहीर केलं, "सुभाष, आता दोघांना एकाच गोष्टीत आणायचं. मोठी मालिका करायची. पहिला भाग घेतलाय हातात."

"मग काढा की. कुणी धरलंय?"

"असं कसं काढू? ती लेकीची हाय, अन् लेक सासरी. सासरी गेलेल्या बाईला आणायचं तर मुराळी धाडावा लागतो बाबा."

इथं माझं हसू जिरलं. वैशाली जळकोटला दिलेली. तिच्या लग्नातला स्वागताचा बॅनर अर्थातच बप्पांनी केला होता. साऱ्या वाशीचे रुसवेफुगवे सांभाळणाऱ्या या गृहस्थानं लेकीच्या लग्नाच्या गडबडीत व्याह्यांचा फोटो स्वतःच्या फोटोपेक्षा बारका लावला! व्याही मांडवाच्या दारातच भडकले. चूक झाली म्हणून हात जोडायचे सोडून बप्पा उलट त्यांच्यावरच चढले. "आमच्या दारात पाय ठेवू नका," ते म्हणाले. "बोलावलंत तरी येत नाही," हे म्हणाले. तेव्हापासून पोरगी एकदाही माहेरी आलेली नाही. न्यायला कुणी आल्याशिवाय ते धाडत नाहीत आणि न्यायला हे जात नाहीत. वैशालीचा फोन आला की बप्पा दुकानाचं शटर अर्धं ओढून बोलतात.

सगळा हिवाळा बप्पांनी एकच पान पुन्हा पुन्हा काढलं. डीपीमॅन गोफणवालीच्या सासरच्या दारात उभा आहे. आधी तो कमरेवर हात ठेवून होता. "मारामारीला आलाय का?" मी म्हणालो. मग त्याचे हात खाली आले. मग चपला उंबऱ्याबाहेर गेल्या.

"अन् सासरा कुठंय?" मी सहज विचारलं.

दुसऱ्या दिवशी बप्पा नवं पान घेऊन आले. गोफणवालीचा सासरा एवढा मोठा, की फेटा पानाबाहेर गेलेला. त्याच्या गुडघ्याएवढा डीपीमॅन हात जोडून उभा. शाल नाही, नारळ नाही. न बोलावता आलेला.

"तू मेव्हण्याकडं जळकोटला चाललायस ना? एवढं लेकीच्या घरी देऊन ये," ते म्हणाले.

"मी काय पोस्टमन हाय? तुम्ही पण चला," मी म्हणालो आणि त्यांना अक्षरशः ओढत एसटीत बसवलं. पण जळकोटच्या स्टँडवर उतरल्यावर हा माणूस चहाच्या हॉटेलात रुतून बसला. "पाय ठेवू नका म्हणलेत. मी हितंच बरा." मला असा राग आला! पण करता काय, पान घेऊन गेलो एकटाच.

व्याह्यांनी चष्मा लावून पान पाहिलं. मग सुनेला हाक मारली. "हे मी का गं?"

वैशालीनं पाहिलं. तिचे डोळे भरले. "व्हय, मामा."

"लई मोठा काढलाय," ते पुटपुटले. मग माझ्याकडं वळले. "मुराळी म्हणून तुमी आलाव का?"

"मी न्हाय. मुराळी स्टँडवर चहा पीत बसलाय."

"अन् घरी का आला न्हाय?"

"तुम्हीच नको म्हणलाव."

म्हातारा उठला. टोपी घातली, काठी घेतली. "पोरी, कपडे भर," म्हणाला आणि स्वतः स्टँडकडं चालायला लागला. वैशालीनं हाताला लागेल ते पिशवीत कोंबलं आणि आमच्या मागं जवळजवळ पळतच आली.

व्याही येताना दिसले तसे बप्पा चहाचा ग्लास हातात धरूनच उभे राहिले.

"चला घरी," व्याही म्हणाले. "मुराळ्याला उपाशी लावून द्यायची पद्धत न्हाय आमच्यात. जेवा, मग न्या पोरीला."

इतकी वर्षं माझे कान किटवणाऱ्या त्या माणसानं ग्लास माझ्या हातात दिला, लेकीच्या तोंडावरून हात फिरवला आणि भर हॉटेलात हुंदके देऊन रडायला लागले. मलाही आवरेना, खोटं कशाला सांगू.

"बाबा, गप बसा की," वैशाली स्वतः रडत म्हणाली. "लोक बघायलेत."

"बघू दे," बप्पा म्हणाले. "माझी लेक घरी यायलीय."