तांबड्या दिव्याबाबतचा ठराव

सहकारात सूचना करण्याचा अधिकार सर्वांना असतो आणि सूचना ऐकण्याची सक्ती कोणालाच नसते. या दोन तत्त्वांपैकी पहिलं कायद्याच्या पुस्तकात छापलेलं आहे. संस्था चालते ती दुसऱ्यावर.

सोलापुरात मंगळवार पेठेत कचेरी असलेली शेती अवजारे व बियाणे पुरवठा सहकारी संस्था अशीच उत्तम चालत होती. पंच्याहत्तर साली तिने मोटार घेतली. मोटारीची गरज आकड्यांनी सिद्ध झालेली होती. संचालक तेरा. मोटार येण्यापूर्वी तालुक्यांच्या पाहणी दौऱ्याला सरासरी हजेरी दीड. मोटार आल्यानंतर तेरा. (मोटारीत ड्रायव्हर सोडून जागा पाचांची. उरलेले आठ जण कचेरीच्या पायरीवर उभे राहून मोटार जाईपर्यंत पाहणी करत.)

या मोटारीच्या पुढच्या फळीवर मधोमध तीन बारके दिवे होते. हिरवा वळताना लुकलुके. निळा पुढच्या दिव्यांचा झोत लांब टाकला की लागे. तो लागला आहे हे समोरून येणाऱ्या गाडीवाल्याच्या शिव्यांवरूनही कळे. तांबडा चावी फिरवली की लागे आणि इंजिन सुरू झालं की विझे. हा तिसरा विझलेलाच बरा, एवढं ज्ञान ड्रायव्हर गुरुबसप्पाला होतं. का बरा, ते पुस्तकात होतं, आणि पुस्तक इंग्रजीत होतं.

म्हणून पुस्तक हेडक्लार्क वेणीमाधव देगावकर यांच्याकडे मराठी करण्यासाठी आलं. वेणीमाधवराव संस्थेत एकतीस वर्षं होते. अक्षर मोत्यासारखं, मत कुणालाच माहीत नाही. येत्या एकतीस मेला ते अठ्ठावन्न पूर्ण करून निवृत्त व्हायचे होते. मुलीचं, शकुंतलेचं, बी.एड.चं वर्ष अजून शिल्लक होतं, आणि एक वर्षाच्या मुदतवाढीचा त्यांचा अर्ज चेअरमन आबासाहेबांच्या सहीसाठी पडून होता. सही झाली तर शकुंतला मास्तरीण, न झाली तर घरीच, इतका सरळ हिशेब.

तीन आठवड्यांत त्यांनी चौसष्ट पानं उतरवली. पान एकतीसवर त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं: "इंजिन चालू असताना तांबडा दिवा लागल्यास इंजिनात तेलाचा दाब उरलेला नाही असे समजावे व गाडी जागच्या जागी थांबवावी. अन्यथा इंजिन निकामी होईल."

हे वाक्य शनिवारच्या सभेत वाचलं गेलं.

"म्हंजे," आबासाहेब म्हणाले, "ह्यो दिवा आमाला इशारा देनार?"

"तसंच म्हणायचं, साहेब."

"आमच्याच गाडीत बसून?"

प्रश्न रास्त होता. संस्थेत इशारा देण्याची एक रीत होती. चेअरमन सेक्रेटरीला देत, सेक्रेटरी हेडक्लार्कला, हेडक्लार्क शिपायाला, आणि शिपाई कोंडीबा फाटकातल्या कुत्र्याला. खालून वर इशारा गेल्याची नोंद एकतीस वर्षांत नव्हती. वर जात असे ती विनंती; तीही दुहेरी प्रतीत, योग्य मार्गाने.

सभेने सव्वातीन तास विचार करून ठराव केला. तांबड्या दिव्याचा इशारा ड्रायव्हरने स्वीकारावा. त्याची नोंद दिवा नोंदवहीत करावी. मुख्यालयी परतल्यावर नोंदवही हेडक्लार्ककडे द्यावी. हेडक्लार्कने आपल्या अभिप्रायासह ती येत्या शनिवारी सभेपुढे ठेवावी. तोपर्यंत गाडी थांबवू नये. कारण गाडी वाटेत थांबल्यास ती मुख्यालयी परतणार नाही, व नोंदवही सादर करता येणार नाही.

या शेवटच्या वाक्याला सभेने टाळ्या वाजवल्या. तर्कात कुठं फट सापडत नाही असे ठराव फार थोडे होतात.

अडचणी आल्या, पण किरकोळ. गुरुबसप्पा अक्कलकोटकडचा. बोले मराठी, लिही कानडी. त्यामुळं नोंदवही कानडीत भरू लागली. कानडी वाचता येणारा कचेरीत एकच इसम, तो म्हणजे गुरुबसप्पा, आणि ड्रायव्हरनं संचालकांच्या सभेत यावं असा नियम नव्हता. सभेनं दर शनिवारी नोंदवही टेबलावर ठेवून, तिच्याकडं आदरानं बघून, "वाचली असे समजून कायम करण्यात आली" असा शेरा मारण्याची पद्धत पाडली. पाच महिन्यांत एकशे अठरा नोंदी अशा कायम झाल्या. बऱ्याचशा हिरव्या-निळ्याच्या, पण शेवटच्या तेवीस तांबड्या दिव्याच्या होत्या, हे गुरुबसप्पाला माहीत होतं. वेणीमाधवरावांनाही. तांबड्या नोंदीखाली गुरुबसप्पा तांबडी रेघ ओढायचा, आणि रेघ काही कानडीत नसते.

दुसरी अडचण अशी, की दिवा लुकलुकला की आबासाहेबांच्या डोळ्यांवर यायचा. म्हणून फळीवर जाडजूड टॉवेलचा एक तुकडा अडकवण्यात आला. गुरुबसप्पा अधूनमधून तो डाव्या हातानं वर करून आत बघे आणि पुन्हा सोडे. नवख्या माणसाला वाटे, आत देव आहे.

तिकडं कचेरीच्या आवारात मोटारीखाली काळा डाग पडू लागला. कोंडीबानं तिथं वनस्पती तुपाचा रिकामा डबा ठेवला. डबा आधी आठ दिवसांत भरे, मग पाचांत, मग एका रात्रीत. कोंडीबा काटकसरी. ते तेल तो दारांच्या बिजागऱ्यांना घाली. त्या उन्हाळ्यात कचेरीतलं एकही दार कुरकुरलं नाही. (साल शहात्तरचं. न कुरकुरणारी ती एकच बाब नव्हती. भिंतीवर "कमी बोला, जास्त काम करा" अशी पाटी होती, आणि तिच्यातल्या पहिल्या निम्म्या भागाची अंमलबजावणी शंभर टक्के झालेली होती.)

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात टेंभुर्णीच्या शाखेचं उद्घाटन ठरलं. सकाळी आठला मोटार निघाली. पुढं गुरुबसप्पा आणि आबासाहेब. मागं माढ्याचे संचालक रामहरी, टेंभुर्णीला लेकीकडं निघालेल्या आबासाहेबांच्या मावशी बजाबाई, आणि मांडीवर उद्घाटनाचं भाषण घेऊन वेणीमाधवराव. मुदतवाढीचा अर्ज आबासाहेबांनी कोटाच्या खिशात घेतला होता. "वाटंत बघू," म्हणाले होते. वेणीमाधवराव सबंध वाट त्या खिशाकडं बघत होते.

मोहोळ मागं पडलं आणि टॉवेल आतून तांबडा झाला. लुकलुक नाही, काही नाही. सरळ पेटला आणि पेटलेलाच राहिला.

गुरुबसप्पानं तुकडा वर केला, सोडला. "साहेब, थांबवतो की. तेल बघतो. दोन मिंटाचं काम हाय."

"ठराव काय हाय?"

"नोंद करायची, जी."

"मग कर नोंद."

"चालवत चालवत कशी करू, साहेब?"

"मग ध्यानात ठेव. परत गेल्यावर कर."

बजाबाई पुढं वाकल्या. "आबा, त्या फडक्याखाली काय जळतंय रं?"

"काय न्हाय मावशे. गाडी चालू हाय, म्हनून दिवा हाय."

"मग मगाशी गाडी चालू नव्हती व्हय?"

रामहरींना हसू फुटलं. त्यांनी ते खोकल्यात काढलं आणि खोकला काचेबाहेर टाकला.

इंजिनातून टकटक ऐकू येऊ लागली. गुरुबसप्पानं वेग कमी केला. त्याच्या मानेवर घाम होता. त्याला नोकरीला लागून अकरा महिने झाले होते. बारा झाले की तो कायम होणार होता. तरी तो पुन्हा म्हणाला, "साहेब, इंजिन जाईल हो. पाया पडतो, थांबवू द्या."

आबासाहेब चिडले नाहीत. निर्णय ते एकट्यानं कधीच घेत नसत. जबाबदारी वाटून घेणं हा सहकाराचा पाया. ते मागं वळले. "काय हेडक्लार्क? पुस्तक तुमी वाचलंय. काय म्हनतंय पुस्तक?"

टकटक वाढली होती.

पान एकतीस वेणीमाधवरावांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं, स्वतःच्याच अक्षरात. 'जागच्या जागी' या शब्दांखाली त्यांनी हौसेनं रेघ मारली होती. तेवढे दोन शब्द आणि एक क्रियापद, एवढंच बोलायचं होतं. समोर आरशात गुरुबसप्पाचे डोळे होते. त्याच्या शेजारी कोटाचा खिसा होता, आणि खिशातून अर्जाचा कोपरा चांगला बोटभर बाहेर आला होता.

"पुस्तक सर्वसाधारण परिस्थितीसाठी लिहिलेलं आहे, साहेब," वेणीमाधवराव म्हणाले. "आपली परिस्थिती विशेष आहे. आणि विषय शनिवारी सभेपुढं येणारच आहे."

आबासाहेबांचा चेहरा खुलला. "बघ गुरुबसप्पा. शिकलेल्या मानसाचं बोलनं असं असतंय. चल, अकराचा मुहूर्त हाय."

"आवाज पण दमदार येतोय आता," रामहरींनी आपला अभिप्राय जोडला.

दमदार आवाज आणखी तीन किलोमीटर आला. मग लोखंडावर घण घालावा तसा एक आला, बॉनेटमधून धूर आला, आणि मोटार उसाच्या फडाशेजारी, कुणाचीही परवानगी न घेता, जागच्या जागी थांबली.

टॉवेल अजून तांबडाच होता.

"आबा," बजाबाई म्हणाल्या, "गाडी बंद, आन् दिवा चालूच? तू तर मगाशी उलटं सांगितलंस की रं."

आबासाहेब खाली उतरून रस्त्यावर उभे राहिले. ते उद्घाटनाला कांद्याच्या ट्रकमधून गेले. भाषणात त्यांनी शिस्तीचं महत्त्व सांगितलं.

इंजिन निकामी झाल्याबद्दल तीन जणांची चौकशी समिती नेमण्यात आली. अहवाल एकवीस पानांचा झाला. निष्कर्ष थोडक्यात असे: दिव्याने इशारा दिला हे खरे, परंतु पुढे पाठपुरावा केला नाही. ड्रायव्हरने इशारा नोंदवहीत न लिहिता चेअरमन यांना तोंडी व तोही दोन वेळा सांगितला, यामुळे ठरावाचा भंग झाला. संचालक श्री. रामहरी यांनी आवाजाकडे वेळीच लक्ष वेधले, याची समिती नोंद घेते. श्रीमती बजाबाई या सभासद नसल्याने त्यांचे म्हणणे विचारात घेता येत नाही. हेडक्लार्क यांनी आणीबाणीच्या क्षणी दाखवलेला संयम प्रशंसनीय आहे.

ड्रायव्हरला कामावरून कमी करावं, हेडक्लार्कला एक वर्ष मुदतवाढ द्यावी, आणि संस्थेनं नवी मोटार घ्यावी, पण ती दिवे नसलेली बघावी, अशा शिफारशी होत्या. अहवाल लिहून काढायला अक्षर चांगलं हवं, म्हणून तो वेणीमाधवरावांनीच लिहिला. 'प्रशंसनीय' लिहिताना त्यांनी टाक एकदा दौतीत बुडवला आणि बराच वेळ बाहेर काढला नाही.

गुरुबसप्पा कागद न्यायला आला तेव्हा कचेरीत दोघंच होते. त्यानं दाखल्यावर कानडीत सही केली, टोपी बगलेत धरली आणि तरी तो जाईना.

"रावसाहेब, तुमी वाचलं होतं की ते."

"वाचलं होतं."

"मी आरशात बघत होतो तुमच्याकडं. तुमी नुसतं व्हय म्हणाला असता तर मी दाबला असता ब्रेक. मग शिव्या दिल्या असत्या तर मलाच दिल्या असत्या."

वेणीमाधवरावांनी टेबलावरची टाचणी उचलून पुन्हा तिथंच ठेवली. "गौरम्मा बरी आहे?" त्यांनी त्याच्या बायकोची चौकशी केली.

"बरी हाय. माहेरी चालली," गुरुबसप्पा म्हणाला. "आमी दोगंबी." आणि बिजागऱ्यांचा जराही आवाज न करता दार लोटून निघून गेला.

शकुंतला त्या जूनमध्ये बी.एड.ला गेली. निघताना ती वडिलांच्या पाया पडली, तेव्हा "खरं बोलत जा" हा नेहमीचा आशीर्वाद द्यायचा वेणीमाधवरावांकडून राहून गेला. "सांभाळून राहा," एवढंच ते म्हणाले.

ऑगस्टात वार्षिक सर्वसाधारण सभा भरली. सभासद हजर चारशे बारा. चौकशी अहवाल छापून प्रत्येकाच्या हातात दिलेला होता. उकाडा असल्यामुळं त्याचा वारा घ्यायला उपयोग झाला. चेअरमननी विचारलं, अहवाल मंजूर आहे ना?

गोपाळ मास्तर म्हणून निवृत्त शिक्षक, बार्शीचे सभासद, चष्मा सारखा करत उभे राहिले. "अध्यक्ष महाराज, एक शंका आहे. ज्यानं सांगितलं तो घरी, आणि ज्याला माहीत होतं तो..."

एवढ्यात मास्तरांचा सदरा मागून कुणीतरी ओढला. "बसा हो मास्तर. जिलेबी गार होतीय." मास्तर बसले. मंजूर, मंजूर, असा आवाज उठला आणि तो तसाच पंगतीकडं गेला. इतिवृत्तात 'सर्वानुमते' अशी नोंद आहे.

सदरा ओढणारा कोण, हे मात्र कुठंच लिहिलेलं नाही. मास्तरांनी मागं वळून बघितलं तेव्हा त्यांच्या पाठीमागच्या रांगेतले सगळे चेहरे सारखेच सज्जन होते, आणि सगळे हात अहवालाचा वारा घेत होते. हकीकत इथवर वाचून ज्यांना आबासाहेबांचं हसू आलं असेल आणि वेणीमाधवरावांचा राग आला असेल, अशा वाचकांपैकी तो हात आपला नव्हता असं ज्यांना छातीवर हात ठेवून सांगता येईल, त्यांनी तसं लेखी कळवावं. पत्राखाली सही आणि पूर्ण पत्ता असावा.