सर्वाधिक लिहिणारी लेखिका

"आपलं यंत्र एक अक्षरही सोडत नाही!" ग्रंथपाल अप्पा गेला महिनाभर दिसेल त्याला ऐकवत होते. सोडेल कसं? स्कॅनिंगवाल्यांना त्यांनीच दम भरला होता, "पुस्तकात जे सापडेल ते सगळं स्कॅन करायचं. स्वतःची अक्कल चालवायची नाही!"

आज समिती बसली होती. डिजिटल ग्रंथालय चालू ठेवायचं की गुंडाळायचं, हे आजच ठरणार होतं, आणि अप्पांचा सगळा जीव त्यात अडकलेला! तीस वर्षांत संशोधनाचा कल कुठून कुठे गेला, हे कृत्रिम बुद्धिमत्ता सगळा संग्रह चाळून सांगणार होती. अप्पांनी ऐटीत बटण दाबलं.

पडद्यावर अहवाल आला. अध्यक्षीणबाई चष्मा सावरून वाचू लागल्या, "सर्वाधिक लेखन अज्ञात लेखिकेचं. एकूण नोंदी चारशे बारा. मुख्य विषय, दूध."

"दुग्धशास्त्र!" अप्पा घाईघाईने म्हणाले. "फार मोलाचं काम झालंय त्यात."

"इतर विषय छत्री, विसराळूपणा आणि 'तुमच्या आई'."

अप्पांना आता बायकोच्या चिठ्ठ्या आठवल्या. ती अधूनमधून डब्यात चिठ्ठी घालायची आणि अप्पा तीच चिठ्ठी खूण म्हणून हातातल्या पुस्तकात ठेवून द्यायचे. तीस वर्षं!

"थांबा, बंदच करतो हे..."

"हात लावू नका!" बाई खुर्चीत पुढे सरकल्या. "पहिली पाच वर्षं लेखिकेचा कल काव्याकडे. उदाहरणार्थ, 'लवकर या, करमत नाही.' पुढे तो हुकमांकडे झुकतो. अलीकडचं लेखन एकाच शब्दाचं. 'दूध!'"

हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. विरोध करायचा म्हणूनच आलेले वकीलसाहेब डोळे पुसत म्हणाले, "आमच्याकडेही कल असाच आहे हो! चालू ठेवा हे ग्रंथालय."

"आणि रीतसर उद्घाटनाला या लेखिकेला बोलवा," बाईंनी निकाल दिला.

अप्पा जवळजवळ धावतच घरी आले. "अगं, ग्रंथालय वाचलं! तुझ्या चिठ्ठ्यांनी वाचवलं! चारशे बाराच्या चारशे बारा जपून ठेवल्यात मी!"

बायको चक्क लाजली. तीस वर्षांपूर्वी लाजायची तशीच. अप्पांना फार बरं वाटलं.

"सगळ्या जपल्यात?"

"सगळ्या! अगदी आजचीसुद्धा!"

"मग दूध कुठंय?"

अप्पांनी अर्धवट काढलेली चप्पल पुन्हा पायात सरकवली.