बदकं आणि सात मिनिटं

शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेल्या सहायकाने तीन महिने खपून टीव्हीवरचे कार्यक्रम आपोआप रेकॉर्ड करणारं यंत्र घरी बनवलं होतं. एक जुना कॉम्प्युटर, अँटेनाची वायर जोडायचं कार्ड आणि जगभरच्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणालाही उघडून बदलता येणारं फुकटचं सॉफ्टवेअर. एवढ्याच्या जोरावर त्याने चांगला चालणारा सेट-टॉप बॉक्स भंगारात दिला होता. घरी येणाऱ्याला पाणी विचारायच्या आधी यंत्र दाखवलं जाई.

गुरुवारी त्या यंत्राची खरी परीक्षा होती. त्याची बायको साठी उलटलेल्या बायकांना पोहायला शिकवायची. तिची सात मिनिटांची मुलाखत चार वाजता स्थानिक वाहिनीवर लागणार होती. वेळ आयत्या वेळी बदलली तर घोटाळा नको, म्हणून त्याने वेळेऐवजी ‘पोहणं’ हा शब्दच यंत्राला देऊन ठेवला. ज्या कार्यक्रमाच्या माहितीत तो शब्द सापडेल, तो यंत्राने धरायचा. शिवाय कुणी चुकून काही पुसू नये म्हणून बुधवारी पासवर्डही बदलला.

गुरुवारी अकरा शिष्या हॉलमध्ये दाटीवाटीने येऊन बसल्या. पावणेचारला पडद्यावर बदकं आली. भलत्याच वाहिनीवर ‘पिल्लं पोहणं कसं शिकतात’ हा कार्यक्रम सुरू झाला होता आणि यंत्राने तो इमानेइतबारे पकडला होता. एका वेळी त्याला एकच वाहिनी धरता यायची. म्हणजे सव्वाचारपर्यंत बदकंच.

यंत्र बिघडलेलं नाही, उलट ते सांगितलेलं ऐकतंय, हे त्याने बायकांना नीट समजावून सांगितलं. मग रेकॉर्डिंग थांबवायला गेला, तर यंत्राने पासवर्ड मागितला. तीनदा चुकल्यावर यंत्राने त्यालाच थांबायला सांगितलं.

“पाय छान मारतायत हो,” सर्वांत वयस्क शिष्या बदकांकडे बघत म्हणाली. बायकोने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.

चारला त्याने सरळ भिंतीतला प्लग उपटला आणि परत लावला. जागं होताच यंत्र स्वतःची डिस्क तपासत बसलं. वीस टक्के, चाळीस टक्के. मग अर्धवट तुटलेली बदकं सोडून त्याने यादीतला पुढचा कार्यक्रम धरला. चार वाजून सहा मिनिटांनी पडद्यावर एकदाची बायको दिसली आणि रेकॉर्डिंग आपोआप सुरू झालं.

“...आणि घरचं म्हणाल, तर आमच्या ह्यांनी टीव्ही रेकॉर्ड करायचं यंत्र स्वतःच्या हाताने बनवलंय. मला फार कौतुक आहे त्याचं. एक कार्यक्रम चुकत नाही.”

आभार मानले गेले, जाहिरात लागली. अकराही जणी पोट धरून हसायला लागल्या. तो मात्र गंभीर होता. नीट आलंय का बघतो म्हणत त्याने तेवढा तुकडा मागे नेऊन पुन्हा लावला. मग आणखी एकदा.

“सात मिनिटं बोलले मी,” बायको म्हणाली. “त्यात तुमच्याबद्दल तेवढंच होतं.”

“हो,” तो डोळे पुसत म्हणाला. “आवाजही स्वच्छ आलाय.”