आठवड्यातून पाच वेळा भारंगी

देवरूखच्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. अभय करंबेळे यांनी प्राचार्य दीप्ती मॅडमना छातीठोकपणे सांगून टाकलं, "मॅडम, तुम्ही फक्त चहापाण्याचं बघा. संशोधनाचं माझ्यावर सोडा. अख्खं आंबेकोंड माझ्या खिशात आहे."

ज्या माणसाला स्वतःच्या खिशात स्कूटरची किल्ली कधी सापडत नाही, त्याच्या खिशात अख्खं गाव आहे, हे ऐकून मॅडमना धीर यायला हवा होता. तो काही आला नाही. पण दुसरा इलाजही नव्हता.

झालं होतं असं, की विद्यापीठाने यंदा संशोधन तपासायची नवीच तऱ्हा काढली होती. इतकी वर्षं शोधनिबंध मोजायचे. मोजण्यात करंबेळे सरांचा हात धरणारा कुणी नव्हता. त्यांचे एकतीस होते. आता मोजणं बंद. आपले सर्वांत चांगले चार निबंध पाठवा, बाहेरच्या विद्यापीठांतले तीन जाणकार ते अक्षरन् अक्षर वाचतील, मग एक दिवस येऊन बसतील, उलटसुलट विचारतील आणि तारे देतील. नवीन काय सांगितलं, कसून केलंय का, आणि कुणाच्या उपयोगी पडलं का, हे तीन सवाल. जास्तीत जास्त चार तारे. सरासरी दोनच्या खाली गेली की संशोधन केंद्राची मान्यता गेली.

एकतीस निबंध लिहिताना आपला निबंध कुणी वाचेल अशी भीती सरांना कधी शिवली नव्हती.

केंद्र म्हणजे तरी काय, एक खोली, एक कपाट, दोन सूक्ष्मदर्शक (त्यातला एक चालू) आणि एक विद्यार्थिनी. वेदिका. ती आंबेकोंडचीच. वडील मुंबईला वॉचमन, आई गावी, आणि घरचा निकाल आधीच लागलेला: "देवरूखपर्यंत शीक हवी तेवढी. त्याच्या पुढं नाय." केंद्र बंद पडलं तर पीएचडीसाठी कोल्हापूर नाहीतर मुंबई, म्हणजे पीएचडी बंदच. ही मुलगी आपल्यापेक्षा हुशार आहे हे सरांनी ओळखलं होतं, आणि ते स्वतःशी कबूल करायला त्यांना फक्त दोन वर्षं लागली होती. माणूस जरा मिरवणारा, पण मनाचा वाईट नव्हे. वेदिकाची जागा जाणार या विचाराने त्यांचा खरोखरच जीव कासावीस होत होता.

चारही निबंध आंबेकोंडच्या रानभाज्यांवर होते. सहा पावसाळे सर घरोघर फिरले होते. त्यातला मानाचा निबंध भारंगीवर. आंबेकोंडमधली त्र्याऐंशी टक्के घरं आठवड्यातून सरासरी पाच वेळा भारंगीची भाजी खातात, असा त्याचा निष्कर्ष. पहिल्या दोन सवालांची सरांना काळजी नव्हती. तिसऱ्यासाठी त्यांनी बेत केला, की गावातली पाच माणसं आणायची आणि त्यांच्या तोंडून चार बरे शब्द जाणकारांच्या कानावर घालायचे.

म्हणून ते आंबेकोंडला गेले आणि गावकीचे प्रमुख, गावकर रावजी, यांच्या पडवीत बसले.

"बाहेरनं तीन जाणते येणार आहेत," सरांनी समजावलं. "माझं काम चोख आहे की नाही ते बघायला. आपली गावकी निवाड्याला बसते ना, तसंच समजा."

रावजींनी सुपारी कातरता कातरता हात थांबवला. "कुनावर बसनार?"

"माझ्यावरच म्हणा की," सर हसले.

रावजी हसले नाहीत. "गावातली मानसं सोडून भायेरची बसनार? म्हंजे परकरन मोठं हाय."

"अहो, मोठंच आहे. केंद्र राहणार की जाणार, वेदिकाचं पुढं काय, सगळं त्यावर ठरेल. तुम्ही पाच जण या आणि माझ्या कामाबद्दल मोकळेपणी बोला."

"येतो," रावजी म्हणाले, आणि सरांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी इतक्या मायेने थोपटलं, की सरांना ते थोडं जास्तच वाटलं.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी सहा वर्षं त्या पडवीत बसूनही सरांना ठाऊक नव्हती. आंबेकोंडची एक जुनी रीत आहे. गावकी कुणावर बसली, तर त्या माणसाच्या चुका त्याच्या माणसांनी आधी सांगायच्या, त्याही एकूण एक. चूक दुसऱ्याने काढली तर शिक्षा. आपल्या माणसाने काढली तर पंचांनी नारळ घेतला की सुटका. माणूस जितका जवळचा, तितक्या त्याच्या चुका खोदून काढायच्या.

आणि करंबेळे सर तर सगळ्या गावाला घरच्यासारखे.

ठरल्या दिवशी जाणकार आले. अध्यक्ष नंदा मॅडम, विदर्भातल्या. चष्मा साखळीला आणि निबंधांना पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या. दुसरे पुण्याचे, लॅपटॉपातून डोकं न काढणारे. तिसऱ्यांना आंबा घाटाची वळणं बाधली होती. ते लिंबू सरबत धरून डोळे मिटून बसले होते. सकाळ बरी गेली. म्हणजे दीप्ती मॅडमच्या घावन-चटणीला तरी चार तारे पडले असते.

मग नंदा मॅडमनी पहिली पिवळी चिठ्ठी उलटली. "डॉक्टर, आठवड्यातून पाच वेळा भारंगी?"

"हो मॅडम. त्र्याऐंशी टक्के घरं."

"इतक्या वेळा तर माझ्या घरी भातही होत नाही."

"मॅडम, लोकांनाच विचारा ना," सर रुबाबात म्हणाले. "येतीलच इतक्यात."

आणि लोक आले. पाच बोलावले होते, टेम्पोतून बावीस उतरले. धुतलेले सदरे, टोप्या, बायकांच्या ठेवणीतल्या साड्या. खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून निम्मे भिंतीला टेकून उभे राहिले. रावजी पुढे झाले, त्यांनी नंदा मॅडमच्या समोर, नेमका भारंगीच्या निबंधावर, एक नारळ ठेवला आणि हात जोडले.

"सर आमचा मानूस हाय. शिकलेला हाय, पन भोळा हाय. त्याच्या हातनं चुकलं आसंल. ते तुमी काडू नका. आमीच काय ते सांगतो, मग तुमी त्यास्नी पदरात घ्या."

सरांच्या चेहऱ्यावरचं हसू जागच्या जागी थिजलं. "रावजीकाका, तसं नाही, अहो, फक्त चार शब्द..."

"तुमी गप ऱ्हावा सर. ज्याच्यावर बसली त्यानं बोलायचं नसतं. तुळसा, तू हो पुढं."

तुळसाकाकी म्हणजे वेदिकाची चुलती. पदर खोचून ती पुढे आली. "पयली चूक भारंगीची. आमच्यात भारंगी कोन खात नाय. कडू जहर. माझी सासू गेली तवापासनं मी माझ्यासाठी कदी केली नाय."

लॅपटॉपामागून डोकं वर आलं.

"पण काकी," सरांना राहवेना, "तुम्हीच तर सांगितलंत! सहा वर्षं मी घरोघर विचारलं!"

"तुमी इचारायचात, 'भारंगी खाता ना?' दारात आलेल्या पावन्याला नाय कसं म्हनायचं? हो म्हटलं का तुमी लिवायला लागायचात, आनि लिवताना तुमचं तोंड असं खुलायचं, का मग आमी पन दोनाचं तीन केलं, तीनाचं पाच."

"आणि मी आलो की दर खेपेला भारंगी वाढायचात ती?"

"ती तुमच्यासाठी. तुमास्नी आवडते म्हनून."

सहा वर्षं. सहा वर्षं सरांनी ती भाजी पाण्याच्या घोटाबरोबर गिळली होती, गावाला वाईट वाटू नये म्हणून. हे त्या क्षणी बोलून दाखवण्यात काही अर्थ नव्हता.

"दुसरी चूक," भिंतीजवळून केरू म्हणाला. केरू मुंबईला गिरगावात एका कॅन्टीनमध्ये कामाला होता आणि खास या कामासाठी रजा काढून आला होता. "सर मोजनी गनपतीत करतात. तवा वाडीत तीनशे मानूस, आमी सगळे चाकरमानी आलेले. येरवी साठ. त्यांच्या निबंधात आमी बारा म्हयने गावात हाव."

"तिसरी," तुळसाकाकी म्हणाली, "त्यांच्या निबंधात भाजीचा फोटू हाय. खाली शेवळं लिवलंय. ती शेवळं न्हवत, त्यांची भावकी. ती कुनी शिजवून खाल्ली तर तीन दिवस घसा बोलायचा नाय."

घाट बाधलेल्या गृहस्थांनी डोळे उघडले, सरबताचा ग्लास खाली ठेवला आणि चहा मागितला.

चुका अकरा निघाल्या. दर चुकीनंतर रावजी मान हलवून म्हणायचे, "पन मानूस देव हाय," आणि पुढच्याला खूण करायचे. नंदा मॅडम भराभर लिहून घेत होत्या. दीप्ती मॅडम खिडकीतून बाहेर बघत होत्या. आणि सर वेदिकाकडे बघत होते. ती खाली मान घालून बसली होती. सरांना लाज वाटली, पण चुकांची नव्हे. आपल्या मिरवण्यापायी या पोरीची वाट बंद होतेय, याची वाटली.

ते उठून उभे राहिले. "मॅडम, गाव सांगतंय ते खरं आहे. हे निबंध मी मागे घेतो. माझ्या चुकीचे तारे माझ्या नावावर लावा, पण या मुलीचं केंद्र काढून घेऊ नका. ती अशी चूक करणार नाही."

"हे कशावरून?" नंदा मॅडमनी विचारलं.

वेदिका चाचरत उठली. पिशवीतून तिने एक वही काढली. तिने स्वतःची प्रश्नावली केली होती. त्यात 'खाता ना' कुठेच नव्हतं. 'काल दुपारी काय शिजलं होतं?' हा पहिला प्रश्न, आणि तो वर्षातून बारा वेळा, दर महिन्याला विचारायचा.

"ही कधी केलीस?" सर थक्क झाले.

"दीड वर्ष झालं, सर."

"मग मला का नाही दाखवलीस?"

वेदिका ओशाळली. "तुम्ही आकडे सांगताना इतके खूश दिसायचात, सर."

खोलीत पहिल्यांदा नंदा मॅडम हसल्या. मग त्यांनी चष्मा काढला आणि तुळसाकाकीकडे वळल्या. "बाई, एवढं सगळं तुम्हाला नक्की ठाऊक आहे, ते कशावरून?"

"टिपून ठेवते ना. पयली भाजी मिळाली का भिंतीवरच्या कॅलेंडरावर त्या तारखेला गेरूचा टिळा. कुठली भाजी ते बाजूला लिवते. येदिकाच्या जन्माच्या वर्षापासनं."

"म्हणजे किती वर्षं?"

"चोवीस. सगळी हायत, भाताच्या कनगीच्या मागं गुंडाळून ठेवलेली." तुळसाकाकीला वाटलं, हीसुद्धा एखादी चूकच असावी. ती घाईने म्हणाली, "सरांचा त्यात दोष नाय. त्यांनी इचारलंच नाय कदी. ते खाता का इचारायचे. कदी येते ते कोन इचारतो? फोडशीची भाजी आदी मिरगानंतर आठव्या दिवशी गावायची. आता वीस-वीस दिवस वाट बगावी लागते."

पुण्याच्या गृहस्थांनी लॅपटॉप बंद केला आणि खुर्ची तुळसाकाकीच्या जवळ ओढली. "चोवीस वर्षांच्या तारखा?" ते हळूच म्हणाले. "सलग?"

"एक साल चुकलं. त्या वर्सी कॅलेंडर मांजरानं फाडलं."

"हरकत नाही," ते म्हणाले. "मांजराची नोंद करू."

पुढचे दोन तास ते तिघे जाणकार आंबेकोंडच्या बावीस जाणकारांसमोर जमिनीवर मांडी घालून बसले. निघताना नंदा मॅडमनी नारळ आठवणीने पिशवीत टाकला. रावजींनी सरांच्या कानात सांगितलं, "नारळ घेतलान. सुटलात."

तीन आठवड्यांनी अहवाल आला. पहिल्या तीन निबंधांना एकेक तारा. चौथ्याला अर्धा, तोही फोटो सुबक आलाय म्हणून. दीप्ती मॅडमनी पुढचं पान उलटलं. त्यावर नंदा मॅडमनी लिहिलं होतं, 'या केंद्राचं काम तपासू शकणारे जाणकार त्याच्या दाराशीच राहतात, आणि ते माया करतात तरी भीड धरत नाहीत. असं आम्ही दुसरीकडे पाहिलं नाही.' मान्यता दोन वर्षं वाढवली होती. अटी दोन. वेदिकाने त्या तेवीस कॅलेंडरांवर पीएचडी करायची. आणि करंबेळे सरांनी यापुढचा प्रत्येक निबंध छापायला देण्याआधी आंबेकोंडला वाचून दाखवायचा.

सरांनी त्याच दुपारी स्कूटर काढली. म्हणजे आधी किल्ली शोधली, मग काढली. आंबेकोंडच्या चढावर त्यांना वाटलं, एकतीस निबंध झाले, आता एक तरी खरा लिहू. एवढं हलकं त्यांना कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

तुळसाकाकीने बातमी ऐकली, डोळे पुसले आणि पाट मांडला. वेदिका आतून वही घेऊन आली. नव्या प्रश्नावलीची चाचणी आजच, सरांपासूनच सुरू करायची म्हणाली. सरांनी कौतुकाने मान डोलावली.

पान वाढलं गेलं. डाव्या बाजूला चटणी, उजव्या बाजूला भारंगी. चांगली ढीगभर, आनंदाची.

"सर," वेदिकाने पेन सरसावलं, "भारंगी तुम्हाला आवडते की नाही? खरं सांगायचं. भीड धरायची नाही."

सरांनी वर पाहिलं. तुळसाकाकी डाव घेऊन समोर उभी होती. तिचं तोंड नुसतं खुललं होतं.

"छान झालीय," सर म्हणाले, आणि पाण्याचा तांब्या जवळ ओढला.

वेदिकाने वहीत लिहिलं: 'घर पहिलं. माणूस एक. उत्तर, हो. भरवसा, शून्य.'

तुळसाकाकीने आणखी एक डाव वाढला.