समरजीतचा चौथरा

बुरूजवेस पेठेत एखादा फुटबॉलपटू थोर ठरला की त्याला त्याच दिवशी चौथऱ्यावर चढावं लागतं, आणि एकदा चढला की खाली उतरता येत नाही. कोल्हापुरात बाकीच्या पेठा पुतळे बसवतात. बुरूजवेस तालमीला, म्हणजे पेठेच्या फुटबॉल मंडळाला, ते पटत नाही. माणूस धडधाकट असताना दगड कशाला?

चौकात तीन चौथरे आहेत: गोलकीपरचा, बचावाचा आणि आघाडीचा. आघाडीच्या चौथऱ्यावर बंडातात्या सासने उभे असतात. सूनबाई शिडी लावून डबा देते, सणासुदीला हार पडतो. तक्रार एकच, की त्यांचं तोंड मंडईकडे आहे आणि मैदान पाठीमागे. आरडाओरडा झाला की ते खालच्यांना विचारतात, "कुणी मारला रं गोल?"

अक्काताई पोवार रोज तिथूनच भाजीला जायच्या, त्यामुळे थोरपणाचं त्यांना काडीचं कौतुक उरलं नव्हतं. आणि आता त्यांच्याच समरजीतवर पाळी आली होती. एकोणीस वर्षांचं पोर. म्हणायला मिडफिल्डर, पण जिथं भगदाड पडेल तिथं हा हजर. सेमीफायनलला गोलकीपरचं बोट मोडलं तेव्हा पेनल्टीही त्यानंच अडवली. तालमीनं अभिनंदनाचा डिजिटल फलक लावूनसुद्धा टाकला होता. बुरूजवेसमध्ये फलक आधी लागतो, परीक्षा नंतर होते.

अक्काताई तडक मगदूम सरांकडे गेल्या. सर तालमीचे परीक्षक, पूर्वी चित्रकला शिकवायचे.

"सर, माझ्या पोराला थोर करू नका. डावा पाय कच्चा हाय त्याचा. हेडिंगला भितंय. आळशीबी हाय."

सरांनी शांतपणे ऐकून घेतलं. "वहिनी, आईची साक्ष आम्ही धरतो. पण उद्या मी त्याच्याकडे एक बॉल टाकणार. त्यानं तो सोडला, तर तुमचं खरं."

जेवताना अक्काताईंनी भाकरी वाढत पोराला सांगितलं, "उद्या बॉल जाऊ दे. अडवू नकोस."

"बरं."

"माझी शपथ?"

"तुझी शपथ, आई."

सकाळी अख्खी पेठ मैदानावर लोटली. सरांनी बॉल मुद्दाम डाव्या अंगाला, जरा मागं टाकला. समरजीतनं आईकडे बघितलं आणि बॉल सोडून दिला. खरंच सोडला. मग त्याची डावी टाच आपली आपण मागं गेली आणि बॉल जागच्या जागी थांबला.

"आई, मी सोडलेला," तो म्हणाला.

"बघितलं मी."

अक्काताईंना रडू आलं. त्यात थोडा अभिमानही होता, याचा त्यांना फार राग आला.

आता चौथरा कोणता, यावर वाद झाला. सर म्हणाले, चौथरा जागेचा असतो. "समरजीत, तुझी जागा कोणती?"

"जिथं रिकामी दिसंल ती, सर."

सरांनी विचार केला आणि निकाल दिला, की सगळं मैदान हीच त्याची जागा. मग तालमीनं अख्खं मैदान कमरेइतकं उंच बांधून काढलं आणि वर हिरवळ लावली. फायनल तिथंच झाली. दोन्ही संघ शिडीनं चढले, बुरूजवेस जिंकली, शिट्टी झाली आणि सगळे उतरून घरी गेले. समरजीत राहिला.

अक्काताई संध्याकाळी डबा घेऊन जातात. तो कडेला पाय सोडून जेवतो. डब्याबरोबर त्या एक घमेलं मातीही नेतात आणि त्याच्या पायांखाली ओतून तुडवतात. तालमीनं हरकत घेतली, तेव्हा मगदूम सरांनी नियम तपासला. खेळाडूनं उतरू नये असं त्यात आहे. जमिनीनं वर येऊ नये असं कुठं नाही.

माती आता त्याच्या टाचेला लागते. ती चौथऱ्याच्या कडेला भिडली आणि तिथून घरापर्यंत तेवढीच उंच गेली, की पोराला उतरावं लागणार नाही, सरळ चालत जेवायला येता येईल. घर तीन गल्ल्या पलीकडे आहे.

काल अक्काताई घमेलं घेऊन चौकातून जात होत्या, तेव्हा बंडातात्यांनी त्यांना हाक मारली. "अक्काताई, ह्या बाजूलाबी टाका की थोडी."

"टाकते तात्या," त्या म्हणाल्या. "आधी पोराचं होऊ दे."