रशीदभाईचं इंग्रजी

वारंगा फाट्यावर रशीदभाईला 'पंक्चर काढायला किती वेळ लागेल' असं चुकूनही विचारू नका. तो हातातला पाना खाली ठेवतो आणि म्हणतो, "प्रस्तावना अशी हाय, साहेब…" प्रस्तावनेमागून कारणं येतात, कारणांमागून परिणाम. समारोप येईपर्यंत ट्रकवाला पलीकडच्या दुकानात चाक खोलून बसलेला असतो.

हे खूळ त्याला पन्नाशीत लागलं. कामधंदा करणाऱ्यांसाठी आमच्या कॉलेजात रविवारी बी.ए.चे वर्ग भरतात. मी तिथं इंग्रजी शिकवतो, म्हणजे सुटीच्या दिवशी चिडचिड करतो. रशीदभाई पहिल्या बाकावर, ग्रीसच्या हातांनी वही उघडून. मी फळ्याकडं वळायच्या आत, "सर, हे किती मार्काला?" उत्तरं मात्र बराबर द्यायचा. त्यानं मी आणखीच भडकायचो. पदवी घेऊन हा करणार काय? ठिगळावर सही ठोकणार?

वर्गात घडाघडा बोलणारा हा गडी पेपरात मात्र दोनदा नापास! स्टाफरूममध्ये मी त्याची नक्कल करून हशा मिळवायचो. बाकीचे पास होऊन गेले. इंग्रजीत उरले दोघंच, रशीदभाई आणि शाळेत खिचडी शिजवणाऱ्या कमलताई.

यंदा परीक्षेला देखरेखीला मीच होतो. रशीदभाईनं नंबर लिहिला आणि पेनाला टोपण लावून टाकलं.

"वर्षभर डोकं खाल्लं, अन् आता कोरा पेपर?" मी वाकून कुजबुजलो.

पुढच्या बाकावर मान खाली घालून लिहिणाऱ्या कमलताईंकडं बघत तो हळूच म्हणाला, "बाईचं इंग्रजी निघून न्हाई राहिलं, सर. मी पास झालो तर ती एकटी पडंल. पोरं हसतात म्हणून मागं घरी बसलीच व्हती. लई तकलीफनं परत आणली."

वेळ संपल्यावर मी दोघांचे पेपर गोळा केले.

निकाल लागला. कमलताई पास झाल्या. पेढे घेऊन त्या फाट्यावर आल्या, तेव्हा मी स्कूटरचं पंक्चर काढायला तिथंच उभा होतो.

"भाऊ, तुमच्यामुळं निघालं हे," असं म्हणताना त्यांचे डोळे भरून आले. "अन् तुमीच काहून राहिले?"

"पेपर लई अवघड गेला, ताई."

त्या गेल्या. रशीदभाई ट्यूब पाण्यात धरून बसून राहिला. बुडबुडे येत होते, त्याचं लक्ष नव्हतं.

"सर, या रविवारी वर्ग हाय ना?"

वर्गात आता तो एकटाच उरला होता.

"आहे," मी म्हणालो.