जांभळाची ट्रायल

भर मे महिन्यात, टळटळीत दुपारी, कुणी माणूस तुमच्या अंगणात शिरून झाडाखाली धुतलेली पांढरी चादर अंथरू लागला तर तुम्ही काय कराल? मी आत जाऊन कडी लावली होती. कॉलनीत तेव्हा नवा होतो.

ते आप्पा मगदूम. जन्मभर शर्ट-पँटी शिवल्या. रेडिमेडच्या लाटेत दुकान बंद झालं, पण हाताला कात्रीवाचून चैन पडेना. तेव्हापासून ते गल्लीतली झाडं फुकट छाटून देतात. गळ्यात टेप अजून आहेच. चादर कशाला, हे त्यांनी मला खिडकीच्या गजांतून समजावलं.

"भाकरीएवढं ऊन पडलं पायजे चादरीवर. सगळी काळी दिसली तर झाड दाट हाय. वारं आत शिरतंय, भाईर पडायला वाट न्हाय. मग आपल्या पावसात ते मुळासकट तुमच्या पत्र्यावर बसतंय."

"आणि सगळी पांढरी दिसली तर?"

"मग ते झाड न्हाय, खांब हाय."

सुकलेली, दुसरीवर घासणारी, छपराला टेकलेली अशीच फांदी ते काढतात. बुंध्याशी फांदीचं जे फुगीर कडं असतं त्याला ते कॉलर म्हणतात, आणि कॉलरला करवत लागू देत नाहीत. "झाडाचं बी फिटिंगच असतंय. ढगळ न्हाय, आवळ न्हाय." काढलेला पाला जाळायचा नाही, बुंध्याभोवती पसरायचा.

फक्त एक अडचण. काम कधी संपत नाही. दोन डहाळ्या काढल्या की चहा, आणि "आज कच्ची शिलाई. ट्रायल परवा." परवा पुन्हा चादर, पुन्हा एक डहाळी, पुन्हा चहा. "बटणं ऱ्हायली." आमची ही म्हणते, माझा शालू-ब्लाउज आप्पांकडे टाकला असता तर मुहूर्त टळला असता.

कॉलनीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, 'हरित परिवार'. सेक्रेटरी शिंत्रे रोज पहाटे त्यावर जंगलाचा फोटो टाकतात. त्यांच्या दारातला गुलमोहर गाडीवर फुलं सांडायचा म्हणून त्यांनी गेल्या वर्षी पाडला. मग गाडी तापू लागली, म्हणून वर हिरवी जाळी बांधली. जाळीवर पानांचं डिझाइन आहे. तिचाही फोटो ग्रुपवर आला. त्याला अंगठा टाकणाऱ्यांत मीही होतो.

या उन्हाळ्यात शिंत्र्यांनी मीटिंग बोलावली. वादळात झाडं पडतात, तर पावसाआधी मशीनवाला बोलावून, सगळी झाडं कापून अख्खी गल्ली एका सकाळीत साफ करू. आप्पा उठले. "अवो, शर्ट ढगळ झाला म्हणून माणूसच कापताय व्हय?"

सगळे हसले. शिंत्रेही हसले. "आप्पा, तुमचं एक झाड उन्हाळाभर चालतंय. मशीन आलं की दुपारपर्यंत मोकळं!"

"मोकळंच की," म्हणून आप्पा खाली बसले.

आपापल्या दारातलं झाड कापायच्या संमतीचा कागद फिरत माझ्यापाशी आला. मी मुळात बोलणारा माणूस नाही. नाही म्हणायचं तर बोलावं लागतं. सही मुकाट्याने होते. मी केली.

दुसऱ्या दिवशी आप्पा नेहमीसारखे आले आणि माझ्या जांभळाखाली चादर अंथरू लागले. ते बघवेना. आयुष्यात पहिल्यांदाच कुणी न विचारता मी बोललो. "आप्पा, मी सही केलीय."

"बघितली की. लई बारीक सही हाय तुमची. लाजल्यावानी." त्यांनी चादरीवरच्या उन्हाच्या एका ठिपक्याला टेप लावून बघितलं. "म्हंजे आता हितं ट्रायल न्हाय."

ते चादर गोळा करू लागले. एक कड हनुवटीखाली दाबली, हात दोन्हीकडे ताणले. चादर मोठी, निम्मी मातीत लोळली. मी पुढे होऊन दोन कोपरे धरले.

"डबल बेडची हाय," आप्पा म्हणाले. "मंडळी गेल्यापासनं घडी हनुवटीतच घालतो." आम्ही कोपऱ्याला कोपरा जुळवला. मग ते खाली बघतच म्हणाले, "खरं सांगू काय? तुमचं जांभूळ एका दिवसात झालं असतं. पण मग दुसऱ्या दिवशी कुठं जायचं?"

संध्याकाळी मी शिंत्र्यांकडे गेलो आणि कागदावरची माझी सही खोडली. ते म्हणाले, "अहो, पण तुम्ही काही बोलला नव्हता!" मी म्हणालो, "आता बोलतोय." आवाज इतका मोठा निघाला की शेजारचे दोघे दारात आले. पुढच्या दोन दिवसांत त्यांनीही आपापल्या सह्या खोडल्या. बाकीची गल्ली मशीनने दुपारपर्यंत मोकळी केली. आता तिथे हिरव्या जाळ्यांची चौकशी चालू आहे.

मग पाऊस लागला. पावसात आप्पा छाटत नाहीत; ओल्या जखमेत बुरशी शिरते म्हणतात. त्यामुळे ते येईनात. वारं जांभळातून आरपार जात होतं, आणि आप्पा छत्री घेऊन आपल्याच फाटकात उभे दिसत होते. दोन-तीनदा दिसले. शेवटी मी व्हरांड्यातून हाक मारली.

"आप्पा, फिटिंग जरा ढिलं वाटतंय!"

"पावसात कात्री लावायची न्हाय!"

"कात्री नको. ट्रायल तर घ्या!"

ते आले. बगलेत प्लास्टिकच्या पिशवीत चादर.

"ऊन कुठाय आप्पा? चादर कशाला आणली?"

"घडी इस्कटलीया," ते म्हणाले.

मी दोन कोपरे धरले.